उघडलेल्या इंजिनाची गाडी

जुन्या गाड्यांच्या बाजारात रंग, टायर, काचा हे सगळं नंतर. आधी गिऱ्हाईक इकडेतिकडे बघतं, आवाज खाली आणतं आणि विचारतं, "इंजिन उघडलंय का हो?" उघडलंय म्हटलं की भाव धपकन खाली. हात नाही लावलेला म्हटलं की गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो, मग ते इंजिन आतून चाळणी झालेलं का असेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. आणि असल्या बाजारात टिकटिकमिस्त्रींचा सगळा जन्म गेला तो इंजिनं उघडण्यात. आता याला काय म्हणायचं!

टिकटिकमिस्त्री हे अर्थातच लोकांनी पाडलेलं नाव. गाडी गॅरेजच्या फाटकातून आत शिरली की मिस्त्री डोळे मिटायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "टिकटिक येतेय." ड्रायव्हरला काहीच ऐकू आलेलं नसायचं. तो हसायचा. काही दिवसांनी तीच गाडी दोर बांधून ओढत आणावी लागायची, तेव्हा मात्र हसायचा नाही. कान म्हणजे कान होता मिस्त्रींचा. फक्त तो इंजिनासाठी राखून ठेवलेला होता, एवढंच. घरी बायको काही सांगायला लागली की यांचं लक्ष रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे.

"अहो, मी आत्ता काय म्हणाले?"

"तिसरा गिअर घासतोय त्याचा."

बायको कपाळाला हात लावायची आणि आत निघून जायची.

मिस्त्रींची एक सवय होती. कुठलाही बोल्ट पूर्ण आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक रेघ ओढायची. बोल्ट जराही सैल झाला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. सगळेच चांगले मिस्त्री असं काही ना काही करतात, पण रंगाच्या ब्रशनं किंवा खडूनं. यांनी लग्न झाल्या वर्षी एकदा रंग संपला म्हणून घरी येऊन बायकोची नेलपॉलिश उचलली. बाटली लहान, ब्रश बारीक, रंग तेलानंही जात नाही. सोन्याहून पिवळं! पुढं बायकोच्या बाटल्या एकामागून एक नाहीशा व्हायला लागल्या. बिचारीच्या मनात नाही नाही ते आलं. नवरा नेलपॉलिश चोरतो, ती जाते कुणाच्या नखांवर? तिनं धाकट्या भावाला मागावर पाठवलं. तो गॅरेजच्या मागच्या खिडकीतून डोकावला, तर भाऊजी गाडीखाली उताणे पडलेले आणि गिअरबॉक्सला नेलपॉलिश लावतायत. तो घरी येऊन हसून हसून लोळला. बायको मात्र हसली नाही. त्या दिवसापासून तिनं बाटल्या दोन दोन आणायला सुरुवात केली, एवढंच.

मिस्त्रींची स्वतःची एक गाडी होती. आभाळी रंगाची, जुनी, चौकोनी तोंडाची. तिचं इंजिन त्यांनी तीनदा उघडलं होतं. गिअरबॉक्स, पंप, चाकांमागची सगळी यंत्रणा, काही म्हणून सोडलं नव्हतं. प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाच्या रेघा. कुठं मरून, कुठं केशरी, कुठं भाजून तपकिरी झालेला लाल. सुट्टीच्या दिवशी दुपारी नवराबायको त्या गाडीनं गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे. रस्ता डोंगराला वळसे घालत जायचा, मग एकदम उतरायचा आणि शेवटच्या वळणावर पाणी दिसायचं. मिस्त्री वाटेत एक शब्द बोलायचे नाहीत. इंजिन गात असायचं आणि ते ऐकत असायचे. बायको बाजूच्या सीटवर. तळ्याकाठी थर्मासमधला चहा प्यायचा, पाण्यावरचं ऊन बघायचं आणि परत. एवढंच सुख होतं. पण काय सुख होतं म्हणून सांगू!

मग डोळ्यांनी दगा दिला.

आंधळेपण नव्हे ते. नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट ठिपका येऊन बसला आणि उठेचना. कडेकडेचं दिसायचं, समोरचं विरघळायचं. रस्त्याकडे बघावं तर रस्ता नाही, दोन्ही बाजूंची झाडं मात्र स्वच्छ. बायकोचा चेहरा बघायचा तर तिच्या कानाच्या पलीकडे बघावं लागायचं. मग चेहरा हळूच कडेनं आत यायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "हा ठिपका आता जाणार नाही. आहे ते जपायचं. आणि गाडी चालवायची नाही, मिस्त्री. एकदासुद्धा नाही."

गॅरेज बंद झालं. मिस्त्री दुपारी अंगणातल्या गाडीत जाऊन बसायला लागले. उन्हानं सीट गरम झालेली असायची, काचेतून झाडाची सावली मांडीवर हलत असायची आणि त्यांना डुलकी लागायची. झोपेत गाडी निघायची. फाटक नाही, गल्ली नाही, एकदम तळ्याचा रस्ता. स्वप्नात ठिपका नसायचा. वळणं आपोआप वळायची, चाकं जमिनीला टेकलीत की नाहीत कळायचं नाही, बाजूला बायको असायची पण तिच्याकडे वळून बघायचं राहून जायचं. शेवटच्या वळणाला, पाणी दिसायच्या आत, जाग यायची. समोर अंगणाचं बंद फाटक, त्याच्या मधोमध ठिपका.

गाडी उभी राहिली की मरते. हे मिस्त्रींना कुणी सांगायला नको होतं. रबर कडक होतं, तेल खाली बसतं, उंदीर वायरी खातात. भंगारवाला तर आत्ताच घिरट्या घालायला लागला होता. येता-जाता फाटकाशी थांबायचा, पत्र्यावर टकटक करायचा आणि म्हणायचा, "मिस्त्री, लोखंड जाड आहे हो जुन्या काळचं!" तो गेला की मिस्त्री बराच वेळ गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहायचे. गाडी विकायची तर चालवणाऱ्याला विकायची, चेपणाऱ्याला नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "बघा बुवा तुम्हीच," आणि पायात चपला सरकवल्या. हल्ली ती रोज सकाळी गुडघ्यांसाठी फिरायला जायची. परत यायची ती घामाघूम होऊन. एकदोनदा मिस्त्रींना तिच्या कपड्यांना जळक्या क्लचप्लेटचा वास आला. जन्मभर तो वास घेतलेलं नाक, त्यालाही आता भास व्हायला लागले असं त्यांनी मनाशी धरलं आणि त्या गोष्टीचंही वाईट वाटून घेतलं.

गाड्या विकायचा धंदा मेहुण्याचा. तोच तो, खिडकीतून डोकावलेला. आता पोट सुटलेला, शहराच्या टोकाला गाड्यांची रांग लावून बसलेला. स्वभावानं वाईट नव्हे, पण बाजारात राहून बाजारासारखा झालेला. त्यानं पहिलं गिऱ्हाईक आणलं. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि लागले सांगायला. इंजिन तीनदा उघडलं, तेव्हा कुठं काय घासलं होतं, सिलिंडर कसे घडवून आणले, गिअरबॉक्सचा कुठला दात बदलला. मिस्त्रींच्या तोंडात तीळ भिजत नव्हता, आणि मागं उभा राहून मेहुणा उतरत्या भावाचं एकेक बोट मिटत होता. इंजिन म्हटलं, बोट खाली. गिअरबॉक्स म्हटलं, बोट खाली. मूठ वळली तेव्हा गिऱ्हाईक फाटकाबाहेर पडलेलं होतं.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचं तेच. तिसऱ्याचं तेच.

"भाऊजी," मेहुण्यानं हात जोडले, "तुम्ही गाडी विकताय की तिची सगळी दुखणी वाचून दाखवताय?"

"दुखणी कसली? बरी केलेली दुखणी. नव्या गाडीपेक्षा चांगलं इंजिन आहे रे ते!"

"असेल. मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. गिऱ्हाइकाला काय माहीत? त्याला एवढंच कळतं की उघडलं म्हणजे बिघडलं होतं. आणि जोडलं कुणी, कसं जोडलं, देव जाणे. सगळेच काय टिकटिकमिस्त्री असतात?"

ते खरं होतं. त्यांनी स्वतः इतरांनी जोडलेली इंजिनं उघडून कितीदा शिव्या घातल्या होत्या.

मग मेहुण्यानं खरी गोष्ट काढली. एक गिऱ्हाईक होतं. भला माणूस, स्वतः चालवणारा, घरच्यांना फिरवायला जुनी गाडी हवी होती त्याला. अट एकच, इंजिन न उघडलेलं पाहिजे. "तुमच्या त्या रेघा पुसून टाका. वर जरा तेल-माती चोळा, बोल्ट जुने दिसले पाहिजेत. आणि गिऱ्हाईक आलं की तोंडाला कुलूप. मी बोलेन. नाहीतर भाऊजी, सरळ भंगारवाल्याला हाक मारा. माझ्या हातात काही नाही."

बोल्टला माती चोळणारे मिस्त्री बाजारात पुष्कळ होते. टिकटिकमिस्त्रींनी उभ्या जन्मात ते केलं नव्हतं. करणाऱ्याला ते दारात उभं करत नव्हते. पण भंगारवाल्याची टकटक कानात बसली होती. दोन दिवस ते अंगणात नुसते फेऱ्या मारत राहिले. तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोसमोर येऊन उभे राहिले आणि तिच्या कानापलीकडे बघत म्हणाले, "तुझं ते असतं ना, नखांचा रंग काढायचं... ते दे जरा."

बायकोनं बाटली दिली. कशाला म्हणून विचारलं नाही. मेहुण्यानं तिला आधीच सांगितलं असणार.

रेघा दिसत नव्हत्या, पण बोटांना लागत होत्या. बोल्टवरून बोट फिरवलं की मध्ये बारीकशी उंची लागायची. मिस्त्री कापूस भिजवायचे, चोळायचे, पुन्हा बोट फिरवायचे. लोखंड गुळगुळीत. पुढचा बोल्ट. त्या वासानं की उन्हानं, त्यांचं डोकं हलकं झालं. जागे आहेत की डुलकी लागलीय हेही नीट कळेना. बायको कधी येऊन शेजारी उभी राहिली तेही कळलं नाही.

"हा कुठला रंग गं?" त्यांनी विचारलं.

ती वाकली. "डाळिंबी. लेक पोटात होती तेव्हाचा. सगळ्याचा वास सहन व्हायचा नाही, फक्त याचा चालायचा."

त्यांनी तो पुसला. "आणि हा?"

"केशरी. तुमच्या बहिणीच्या लग्नातला. मला मुळीच शोभत नव्हता, तुम्हीच म्हणाला होता."

"मी? कधी?"

"गाडीखालून म्हणाला होता."

मिस्त्री हसले. एवढे सगळे रंग ती लावत होती आणि त्यांनी बघितले होते ते फक्त बोल्टवर. आता बघायचे म्हटलं तर नजर नव्हती. त्यांनी नाक ओढलं आणि पुढचा बोल्ट शोधला.

"बघ, एखादी राहिली का?"

बायकोनं वाकून, या बाजूनं त्या बाजूनं, नीट बघितलं. "नाही," ती म्हणाली. "एकही नाही."

गिऱ्हाईक आलं. खरंच भला माणूस दिसत होता, म्हणजे कडेनं जेवढा दिसला तेवढा. बरोबर त्याचा मिस्त्री होता. त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं, हातातली बॅटरी लावून बघितलं, इंजिन चालू करायला सांगितलं. इंजिन लागलं. टिकटिक नाही, खडखड नाही, दुपारच्या अंगणात नुसती एक गुणगुण. टिकटिकमिस्त्रींनी डोळे मिटले. ओठ मिटले ते त्याहून घट्ट.

"मस्त आहे," तो मिस्त्री म्हणाला. "हात लागलेला नाही."

"मी काय म्हणत होतो!" मेहुणा म्हणाला. "जशी आली तशी."

गिऱ्हाइकानं खात्री करून घ्यावी म्हणून घरधन्याकडे बघितलं. "खरं ना, काका? इंजिन उघडलेलं नाही ना?"

नाही म्हणायचं, एवढंच तर होतं. मान हलवली तरी चाललं असतं. मिस्त्रींनी मान हलवायला घेतली.

"तीनदा उघडलंय," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती दारातून पायऱ्या उतरून आली, बॉनेटपाशी वाकली आणि पंपाच्या मागं बोट घातलं. "इथं या. बॅटरी मारा. दिसली गुलाबी रेघ? ती माझी नेलपॉलिश आहे. ही एक मी राहू दिली होती. बाकीच्या यांनी काल पुसल्या."

मेहुण्याचा चेहरा असा झाला की हसावं की रडावं कळेना. गिऱ्हाईक मात्र चिडलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारून आलं आणि म्हणालं, "काकू, इंजिन छान आहे हो. मला ऐकू येतंय ना. पण उद्या मला विकायची झाली तर मी कुणाला काय सांगू? ही नेलपॉलिश दाखवू? यात जे काही आहे ते तुमच्यापाशीच राहणार, माझ्या हातात येणार नाही." त्यानं नमस्कार केला आणि तो गेला. मेहुणाही पाय आपटत गेला. फाटकातून ओरडला, "अक्का, आता भंगारवालाच! तेलही गेलं, तूपही गेलं!"

अंगणात इंजिन तसंच चालू होतं. ते बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"अगं, तुला झालं तरी काय?" मिस्त्री म्हणाले. "जन्मभर बोलत आलो, सगळी गिऱ्हाइकं घालवली. आज पहिल्यांदा गप्प बसलो होतो मी! आणि आजच तुला कंठ फुटावा?"

"बॉनेट लावा," बायको म्हणाली. "आणि बसा आत."

मिस्त्री सवयीनं उजव्या दाराकडे गेले. दाराला हात घातला तर आत कुणीतरी बसलेलं. त्यांनी कडेनं बघितलं. स्टिअरिंगवर दोन हात. नखं लाल.

"तिकडून," बायको म्हणाली. "पलीकडच्या बाजूनं."

"तुला येतं?"

"येतं म्हणजे, आता बरं येतं. कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रोज जात होते. आधी त्यांच्या गाडीचा क्लच जाळला पार."

मिस्त्री तिथंच उभे राहिले. नाक बिघडलेलं नव्हतं तर! "मग सांगितलं का नाहीस?"

"नापास झाले असते तर? तुम्ही टिकटिक येतेय म्हणाला असतात."

ते वळसा घालून पलीकडे गेले आणि बाजूच्या सीटवर बसले. या गाडीचा एकही भाग असा नव्हता जो त्यांनी उघडून, पुसून, जागेवर बसवला नव्हता. पण या सीटवर ते आयुष्यात कधी बसले नव्हते. सगळंच परकं वाटलं. काच जवळ आली, रस्ता अंगावर आला. गाडी गचके खात फाटकातून निघाली. "क्लच हळू सोड," ते म्हणाले. "हां. आता आवाज चढला, ऐकलास? दुसरा टाक." तिनं टाकला. "आता तिसरा." ती रस्ता बघत होती, ते इंजिन ऐकत होते. शहर दोन्ही कडांनी सरकत मागं गेलं. उन्हात झाडं येत होती, जात होती. मिस्त्रींना वाटलं, ही डुलकीच असणार, आता जाग येईल. त्यांनी हाताला चिमटा काढला. दुखलं.

डोंगराची वळणं सुरू झाली. पहिल्याच वळणाला मिस्त्री खिडकीपासून आत सरकले. दरी त्यांच्या बाजूला होती. जाताना ती इतकी जवळ असते हे त्यांना इतकी वर्षं माहीतच नव्हतं. उजवीकडून ती दिसायची नाही. बायको सावकाश वळत होती, तरीही त्यांचा हात आपोआप पुढं गेला आणि धरायला काहीतरी शोधत डॅशबोर्डच्या खालच्या कडेवर घट्ट बसला.

बोटांना खळगे लागले.

चार बारीक खळगे, एकाशेजारी एक. प्लॅस्टिक झिजून खोल गेलेलं, कडा गुळगुळीत. त्यांची बोटं त्यांत मावत नव्हती. लहान हाताचे होते ते. गाडीतली प्रत्येक झीज त्यांनी हातानं तपासली होती, मोजली होती, भरून काढली होती. ही त्यांच्या हाताला कधी लागली नव्हती.

त्यांनी खळग्यांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू इथं धरून बसायचीस?"

"हो."

"दर वेळी?"

"तुम्ही वळणावर ब्रेक लावायचा नाहीत. इंजिनाची लय मोडते म्हणायचात."

"अगं, मग बोलायचं नाही का?"

बायकोनं वळण पूर्ण घेतलं, स्टिअरिंग सरळ केलं आणि मगच उत्तर दिलं. "बोलत होते की. सारखी बोलत होते. तुम्ही इंजिन ऐकत होतात."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. होता तो ठिपकाही त्यात भिजून गेला. शेवटचं वळण आलं. ते डोळे मिटून, मान तिरकी करून बसले, जसे जन्मभर बसत आले होते. फक्त या वेळी कान इंजिनाकडे नव्हता, बायकोकडे होता.

"बोल," ते म्हणाले.

"पाणी दिसलं," बायको म्हणाली. आणि मग सांगू लागली, पाणी कसं आहे ते.